शिलाच्या पत्रिकेचं सॉफ्टवेअर

११ एप्रिल २००५, सकाळी
ही वही एक जानेवारीपासून लिहायची होती. मग संक्रांत ठरवली, मग होळी. होळीत पेन हरवला. आज सुरू. आता खाडा नाही.

निमित्त मोठं आहे. भीमसिंगकाकांच्या शिलाचं लग्न, ८ मे. पत्रिका अडली आहे. आमच्या बंजारा तांड्याचा नायक नेमसिंग म्हणतो, वर माझं नाव. नवरदेवाच्या तांड्याचा नायक देवला म्हणतो, माझं. सेनगावच्या प्रेसवाल्यानं दोघांनाही हात जोडले. देवला नायकाचा निरोप आहे : नाव खाली आलं तर लग्न मोडलं समजा. काकांचं जेवणावरचं मन उडालं.

मी म्हणालो, काका, हे माणसाचं काम नाही, माझ्या कॉम्प्युटरचं आहे. त्याला भाऊबंदकी नसते. काका म्हणाले, मंग कर बाबा, पर माझ्या लेकराचं लग्न मोडू नको. शिला म्हणाली, ह्या जगननं बारावी तरी पुरी केली का? मी लक्ष दिलं नाही.

१३ एप्रिल
हिंगोलीच्या नेट कॅफेतून एक्सएमएलची लायब्ररी, म्हणजे आयते तयार प्रोग्राम, उतरवून आणली. दोन फ्लॉप्या. एक्सएमएल एकदम सोपं. नावाचा कंस उघडायचा, आत माणसं भरायची, कंस बंद करायचा. लायब्ररी ते वाचते आणि पाहिजे तसं लिहून देते. म्हणजे पत्रिका आपोआप. उद्या संपवतो.

१५ एप्रिल
दुसरी फ्लॉपी खराब. पुन्हा हिंगोलीला निघालो. जीपमध्ये कुरुंद्याचा एक जण भेटला. त्याच्याकडं हळद उकडायची नवी मशीन आली आहे. म्हणाला, बघायला येता का? आता माणूस एवढ्या प्रेमानं बोलावतो.

१९ एप्रिल
परत आलो. हळदीत फार स्कोप आहे. फ्लॉपी आणायची राहिली.

२२ एप्रिल
फ्लॉपी आणली. इन्स्टॉल करताना म्हणतं, आणखी एक फाईल पाहिजे. ती आणली. तिला तिसरीच पाहिजे. आमच्यासारखंच आहे, एकाला बोलावलं की तिघं येतात. लाइट गेली. आजचं काम लाइटमुळे राहिलं, माझ्यामुळे नाही.

२५ एप्रिल
लायब्ररी बसली! पहिली पत्रिका निघाली. सगळ्या नावांच्या जागी प्रश्नचिन्हं. मला आवडली. कुणी वर नाही, कुणी खाली नाही. काका म्हणाले, ह्यात माझी पोरगी कोणती?

२७ एप्रिल
अक्षरं जमली. नवी अडचण. दोन्ही तांडे शेजारी शेजारी ठेवले तर लायब्ररी एरर देते. सगळ्यात वर एकच नाव चालतं, बाकी सगळे त्याच्या पोटात. दोन चालतच नाहीत. नियमच आहे.

नेमसिंग नायकाला वर ठेवलं. पत्रिकेची पहिली ओळ देवाची, लायब्ररी सगळ्यात वरचं नाव तिथंच टाकते. छापून आलं : ॥ नेमसिंग प्रसन्न ॥. नायक नाराज दिसला नाही. म्हणाला, जरा मोठ्या अक्षरात येईल का?

२९ एप्रिल
देवला नायकाला कुणीतरी कळवलं. निरोप आला : आमचा तांडा त्याच्या पोटात काहून? लग्न क्यान्सल. मी लगेच देवला नायकाला वर घेतलं. आता नेमसिंग नायक म्हणतो, तांड्यातलं एक माणूस लग्नाला येणार न्हाई. शिला रडून राहिली. तिला समजावलं, टेस्टिंगमध्ये असं होतंच.

१ मे, दुपारी
सुचलं! वर असा माणूस पाहिजे ज्याला मोठेपणाची हाव नाही. विचार केला. एकच नाव डोळ्यासमोर आलं. लायब्ररीनं एकही एरर दिली नाही.

॥ जगन प्रसन्न ॥

पन्नास काढल्या. काकांना दाखवायच्या आधीच लांबच्या तांड्यांसाठी जीपवाल्याकडं दिल्या. वेळ वाचला.

३ मे
दोन्ही नायक काकांच्या दारात, एकाच बाजेवर, एकच पत्रिका दोघं मिळून वाचत होते. नेमसिंग म्हणाला, ह्यो कोण? देवला म्हणाला, तुमचंच पोरगं न्हवं का? नेमसिंग म्हणाला, आमचं न्हाई. मग दोघं मिळून माझ्याबद्दल जे बोलले ते लिहीत नाही. पण अकरा एप्रिलपासून पहिल्यांदाच त्यांचं एकमत झालं. ते कुणी केलं? लायब्ररीनं. लग्न पक्कं. दोघं एकाच जीपमधून प्रेसवर गेले.

५ मे
प्रेसची पत्रिका आली. दोन्ही नावं एकाच ओळीत, शेजारी शेजारी. टेक्निकली चूक आहे. शेवटची ओळ : जगन सोडून सर्वांनी अगत्य येण्याचे करावे. शिलाला विचारलं, हे कुणी टाकलं? म्हणाली, मी.

८ मे, दुपारी बारा
सगळा तांडा मांडवात. इथपर्यंत बँड ऐकू येतो. मी घरी. बरंच झालं, लायब्ररीचं नवं व्हर्जन शांतपणे इन्स्टॉल करता येईल. लाइट नाही.

साडेबारा
दारात एक म्हातारी उभी आहे. केशरबाई म्हणे, लांबच्या तांड्यावरून उन्हात चालत आली. एका हातात पत्रिका, दुसऱ्या हातात बोकडाची दोरी. नवस फेडायचा आहे, विचारून राहिली, जगनदेवाचं ठाणं कुठं आहे?