दारावरचा शेवटचा पत्रा

प्रिय ऑर्लीन,

तुझं कार्ड पोचलं. पुढे जॉर्जियाच्या पीचचं चित्र, मागे तुझं तिरकं अक्षर: ‘नेल्डा, राणी, वादळाचे दिवस आले. माझ्या सनरूमच्या काचांवर टिनाचे पत्रे लावशील ना? किल्ली तुझ्याकडेच आहे.’ वा गं वा! गेल्या ऑक्टोबरपासून तोंड दाखवलं नाहीस, आणि काम मात्र हक्काने सांगतेस. तरी गेले मी. सवय वाईट असते.

तुझ्या काचेच्या खोलीत पाय टाकला तर कुबट वास. वेताच्या खुर्च्या आत ओढल्या, वाऱ्यावर वाजणारे शिंपले काढून टोपलीत ठेवले. पत्रे बसवायच्या खालच्या पट्टीत गांधीलमाश्यांनी घर केलं होतं, ते झाडलं. समुद्राच्या खाऱ्या हवेने स्क्रू गंजले होते, त्यांना तेल दिलं. आपले नवरे होते तोवर ते शिडीवर आणि आपण खाली लिंबू सरबत घेऊन. माझा हर्शेल म्हणायचा, ‘या दोघी वादळालासुद्धा बोलून बोलून पळवतील.’ ते दोघं गेल्यावर तू पत्रा धरायचीस आणि मी नट पिळायची. आधी तुझी खोली, मग माझी. मग तुझ्या पायरीवर बसून धुरावलेला मासा आणि बिस्किटं. थांबायचं तर दोघींनी, निघायचं तर दोघींनी, हे तिथेच ठरलं होतं. तूच म्हणाली होतीस.

म्हणून तर ऑक्टोबरात गाव सोडायचा हुकूम आला तेव्हा मी तुला कुंपणावरून विचारलं. ‘मी कुठे जातेय, बाई! सकाळी कॉफीला ये,’ म्हणालीस. माझी भाची ट्वायला तेव्हा अंगणात गाडी सुरू ठेवून उभी होती. ‘मावशी, बस आता, हट्ट नको,’ म्हणून रडकुंडीला आली होती. मी तिला परत पाठवलं. म्हटलं, ऑर्लीन आहे ना शेजारी, मला काय धाड भरलीय?

सकाळी कॉफीला यायला निघाले, तर तुझी गाडी नाही. घंटा वाजवली, फोन केले. तोवर गावाबाहेर जायचा पूल बंद झाला होता. दुपारी माझ्या काचेच्या खोलीचं छप्पर उचललं गेलं. मी न्हाणीघरात टबात बसले, अंगावर गादी ओढून, आणि पाणी दाराखालून आत येताना बघत राहिले. पोहता येत नाही मला, तुला माहीत आहे. त्या टबात मी देवाचं नाव कमी आणि तुझं जास्त घेतलं, आणि ते काही प्रेमाने नव्हे.

नंतर तुझा फोन आला. ‘ड्वेनने ऐनवेळी गाडीत कोंबलंच गं, सांगायला वेळच मिळाला नाही.’ लेकापुढे आईचं काय चालतं, असं म्हणून मी गिळलं. लोकांनासुद्धा तेच सांगितलं. तुझी बाजू घेऊन चर्चमध्ये भांडलेसुद्धा.

परवा तुझे पत्रे लावत शेवटच्या पत्र्यापाशी आले, मागच्या दारावरच्या. एकटीने तो गुडघ्यावर तोलला आणि तिथेच हात थांबला. घरात थांबणारा माणूस तो पत्रा लावत नाही, ऑर्लीन. त्याला बाहेर पडायला वाट लागते. तो बाहेरून लावतो तो जाणारा. आणि ऑक्टोबरात तो आपण लावला होता, कुंपणावर बोललो त्याच्या आदल्या दिवशी! मी विचारलंही होतं. ‘पुढच्या दाराने करीन ये-जा,’ म्हणालीस. तुझ्या नेच्यांच्या कुंड्यासुद्धा माझ्याकडे आणून ठेवल्यास, ‘तुझ्याकडे ऊन बरं पडतं,’ म्हणून. पत्रे लावलेल्या खोलीत कसलं आलंय ऊन! तेव्हा ऐनवेळी वगैरे काही नव्हतं. तुझं आधीच ठरलं होतं. तुझ्या जाण्याचा पत्रा मी स्वतः नट पिळून घट्ट केला, आणि तू समोर उभी राहून तो धरलास, माझ्या डोळ्यांत बघत.

तू गेलीस याचा मला राग नाही. जीव सगळ्यांनाच प्यारा. ड्वेनच्या गाडीत मला जागा नसेल, तेही समजतं. पण ट्वायलाच्या गाडीत होती. तू एक शब्द बोलली असतीस तर मी तिच्याबरोबर गेले असते. तुला तेवढंही जड झालं.

तुझी खोली नीट बंद केली आहे, किल्ली या पाकिटात आहे. वादळातून वाचलेले नेचे तुझ्या पुढच्या ओसरीत ठेवलेत, पाण्याचं तू बघ. आज ट्वायला आली आहे. माझ्या दारावरचा शेवटचा पत्रा तिने धरला आणि मी बाहेरून लावला. वादळाचे दिवस सरेपर्यंत मी तिच्याकडे, समुद्रापासून लांब ओकालाला राहणार. शेजारणीच्या भरवशावर तू इथे परत यायचं ठरवलं असशील, तर मी इथे नसेन. हे पत्र एवढ्यासाठीच, ऑर्लीन. मी जातेय, आणि तुला आधी सांगून जातेय.

‘तुझीच’ लिहायला हात धजत नाही,
नेल्डा