माझ्या ओळीतले आकडे

३० जून, रविवार लेगी

११६ लिहिलं. मागच्या वेळी ११८ होतं, त्याआधी ११४. दर वेळी तोच आकडा लिहिला तर कुणाच्या तरी नजरेत येईल, म्हणून दोन कमी केले. अडतीस वर्षं शाळेत पोरांच्या कॉप्या पकडल्या मी, आणि आता ही माझी हुशारी!

पस्तीस दिवस भरले, रविवार आणि पाच बाजारवारांतला लेगी पुन्हा जुळले, म्हणून आज सकाळी सहालाच सगळे तपासणीला पाक मुखियांच्या, म्हणजे मुखियाजींच्या, पडवीत. सव्वीस म्हातारी माणसं. आधी कसरत, मग वजन, मग रक्तदाब, मग बोटाला सुई टोचून साखर, आणि शेवटी माझा पौष्टिक खाऊ. सुई मीच टोचते, वहीत मीच लिहिते. बू गुरूंचं, म्हणजे मास्तरीणबाईंचं, अक्षर मोत्यासारखं, असं सगळे म्हणतात. स्वतःच्या बोटाला मात्र सुई लावून अडीच वर्षं झाली. तेव्हा पट्ट्या खरंच संपल्या होत्या. म्हटलं, मागचाच आकडा लिहू, एकदाच. पुढच्या वेळी पट्ट्या होत्या, पण तोवर घशाला सारखी कोरड पडायला लागली होती आणि मला भीती वाटली. आता कुणी विचारलं की सांगते — मी घरी मोजून आले, इथल्या पट्ट्या तुमच्यासाठी ठेवते. मोठा त्याग जणू!

नवी नर्सबाई विंदार्ती वही चाळत म्हणाली, "या वयात साखर अशी हवी! सगळ्यांनी बू गुरूंकडे बघून शिका." टाळ्या पडल्या. मी हसले. चांगली दात दाखवून हसले.

शेजारच्या यू रुबीनाची २३१. गेल्या वेळी २०४ होती.

२ जुलै, मंगळवार

न्हाणीघरात पुन्हा मुंग्या. मोरीच्या कडेला, मी लघवीला बसते नेमकी तिथे. मुंग्या तिथे का जमतात ते आमच्या गल्लीतलं शेंबडं पोरही सांगेल. दोन बादल्या पाणी ओतलं, वर फिनेल टाकलं, खराट्याने घासलं. फरशी चकचकीत झाली. आपण काय धुतोय ते कळत होतं, तरी घासत राहिले.

५ जुलै, शुक्रवार

बसचा कंडक्टर म्हणाला, "म्बाह, सावकाश चढा." गेल्या वर्षापर्यंत हाच मुलगा मला बू, म्हणजे बाई, म्हणायचा. ही म्बाह कोण, म्हणून मागे वळून पाहिलं — मागे कुणीच नव्हतं. झाले मी आजीबाई.

११ जुलै, गुरुवार

चार वाजता नेहमीप्रमाणे यू आली, आमच्या दोन घरांमधल्या कुंपणाच्या फटीतून. ती माझ्याहून चार वर्षांनी मोठी, म्हणून मी तिला यू, म्हणजे ताई, म्हणते, आणि ती मला शिकलेली म्हणून बू. नवरे गेल्यापासून आमचा चारचा खाऊ चुकलेला नाही. आज रताळ्याचे क्लेपोन केले होते. रताळं उकडून, मळून, आत माडाच्या गुळाचा खडा, वरून ओलं खोबरं. तोंडात टाकला की गूळ फुटतो. तालुक्याच्या पौष्टिक खाऊ स्पर्धेत याच क्लेपोनांना दुसरं बक्षीस मिळालं होतं. ताटलीपुढे मी कार्ड ठेवलं होतं, 'साखर अजिबात नाही'. ते प्रशस्तिपत्र भिंतीवर आहे, काचेत.

यू म्हणाली, "बू, चहातली साखर सोडली. बिस्किटं सोडली. भातसुद्धा अर्धा केला. तरी आकडा वरच!"

"अगं, अंगातली जुनी साखर निघायला वेळ लागतो," मी म्हटलं. "पांढरी साखर कारखान्यातली, ती वाईट. गूळ झाडातून येतो. गुळाने कधी कुणाचं वाईट झालंय?"

हे मी कुठे वाचलं? कुठेच नाही. आई म्हणायची, सासू म्हणायची, आणि मी शाळेतल्या आवाजात म्हटलं. त्या आवाजात काहीही सांगितलं तरी लोकांना खरं वाटतं, मला स्वतःलाही वाटतं. यूने मान हलवली. मी चार खाल्ले, तिने चार खाल्ले. नववा उरला तो अर्धा-अर्धा.

१९ जुलै, शुक्रवार

पलीकडच्या पाक सुरोतोंकडे वडिलांना जाऊन हजार दिवस झाल्याची प्रार्थना. घरोघरी डबे आले. मीच सगळ्यांना सांगते — डब्यातलं गोड नातवंडांना द्या, आपण भाजी आणि टोफू खायचा. माझ्याकडे नातवंडं नाहीत. चिकट भाताच्या वड्या, तांदळाचे गोड आपेम, केळं, सगळं ओट्यापाशी उभ्या उभ्या खाल्लं, ताटलीसुद्धा घेतली नाही. ताटली घेतली असती तर जेवण झालं असतं. उभ्याने खाल्लं की खाल्ल्यासारखं वाटत नाही. डबा धुऊन पालथा घातला आणि मग लाज वाटली. आधी कधीच वाटत नाही, मेली!

सुईत दोरा ओवायला अकरा वेळा प्रयत्न केला. दोष सुईला दिला.

२४ जुलै, बुधवार

कसरतीच्या सरावात उजव्या पायावर उभं राहता येईना. तळव्याला झिणझिण्या, जणू जाड मोजे घातलेत. बायकांना म्हटलं, चप्पल घसरली.

२७ जुलै, शनिवार

यूच्या डाव्या पायाची करंगळी काळी पडली आहे.

रबरी चपलेचा पट्टा तुटून आतला खिळा बाहेर आला होता. ती त्यावरून किती दिवस चालली, देव जाणे. तिला दुखलंच नाही! तिची लेक यायुक आज आली म्हणून दिसलं तरी. वास येत होता. मी रोज चार वाजता तिच्या समोर बसते, तिच्या पायांकडे एकदाही बघितलं नाही. ताटलीकडे बघत होते.

यायुकने मला विचारलं, "बू, आई पथ्य नीट पाळते ना? तुमच्याच भरवशावर आहे ती."

"पाळते की," मी म्हटलं.

४ ऑगस्ट, रविवार लेगी

यू आली नाही. यायुक तिला घेऊन जिल्ह्याच्या इस्पितळात गेली आहे.

पडवीत विंदार्तीने आज पायांच्या जखमांवर सांगितलं, चित्रं दाखवून. मग म्हणाली, "आणि एक गैरसमज काढून टाका. गूळ म्हणजेही साखरच. माडाचा असो, ताडाचा असो, रक्तात गेला की सगळं सारखं." बायका माझ्या पातेल्याकडे बघायला लागल्या. आज मुगाची खीर होती — गूळ घालून, भरपूर.

आता बोलायचं होतं. एवढंच म्हणायचं होतं की मी चुकले, मी सगळ्यांना उलटं सांगत आले. मी काय म्हटलं? "बरोबर आहे नर्सबाईंचं. मी तर केव्हापासून सांगतेय, सगळं बेतानेच खावं." आणि हे म्हणताना मान डोलावली! बू मार्सिना मागून पुटपुटली, "केव्हा सांगितलं होतं?" मी ऐकलं नाही असं केलं.

खीर तरी सगळ्यांनी संपवली. टाकायची कशी?

माझ्या ओळीत ११९ लिहिलं.

७ ऑगस्ट, बुधवार

करंगळी काढली. यायुकचा फोन आला होता. शेजारचं बोटही जाईल की काय, ते दोन दिवसांत कळेल. मी "अरेरे" म्हटलं. फोन ठेवल्यावर तो शब्द आठवून अंगावर शहारा आला. अरेरे! रस्त्यात कुणाचा छत्र्यांचा स्टॉल पडला तर म्हणतात तसं.

९ ऑगस्ट, शुक्रवार

दुसरं बोट वाचलं.

१७ ऑगस्ट, शनिवार

आमच्या देशाचा स्वातंत्र्यदिन. गल्लीभर झेंडे, पोत्याच्या शर्यती, दोरीला टांगलेले खारे पापड तोंडाने खायची स्पर्धा. पाककृतीच्या स्पर्धेला दर वर्षी परीक्षक मी. या वर्षी डोकं दुखतंय असं कळवलं. बायका घरी विचारपूस करायला आल्या, येताना केळ्याची भजी घेऊन आल्या. माझ्यासारख्या बाईसाठी!

२१ ऑगस्ट, बुधवार

यू घरी आली. पाय उशीवर, पांढऱ्या पट्टीत. कुंपणाच्या फटीतून आता ती येऊ शकत नाही, म्हणून चार वाजता मी गेले. काय न्यावं ते सुचेना. कधी रिकाम्या हाताने गेले नाही त्या घरी. शेवटी काकडी आणि उकडलेले शेंगदाणे नेले.

ती बघून हसली. "हे काय हो बू, सशाचं खाणं?"

मग मी सांगितलं. गूळ म्हणजे साखरच असते. मला ठाऊक नव्हतं, ठाऊक नसताना छातीठोक सांगितलं, तू ऐकलंस, तुझं बोट गेलं. बोलताना शाळेतला आवाज सापडेना. शाळेत इन्स्पेक्टर आले तरी तो कधी हरवला नव्हता.

यूने माझ्या हातावर हात ठेवला. "तुम्ही काय डॉक्टर आहात होय? आणि गूळ तुम्ही माझ्या तोंडात कोंबला का? मी खाल्ला, मला आवडतो म्हणून. एका करंगळीचं काय एवढं! तिने आजवर काही कामही केलं नव्हतं." मग शेंगदाणे सोलता सोलता म्हणाली, "तुमच्या अंगाला गूळ मानवतो, माझ्या नाही, बस. नशीब ज्याचं त्याचं."

मी रडले. तिने माझे डोळे पुसले — तिने, माझे! परत येताना इतकं हलकं वाटलं की फटीतून येताना साडी अडकली तरी हसू आलं. मोकळं केलं मन, झालं एकदाचं.

थोड्या वेळाने हातपाय धुवायला न्हाणीघरात गेले. मुंग्या. दुसरी गोष्ट तिला सांगितलीच नव्हती. तिला काय गरज ती ऐकायची, असं मनाशी म्हटलं. माझी साखर माझ्या अंगात. त्यात यूचं काय बिघडलं? ही एकच लबाडी अशी आहे की तिने दुसऱ्या कुणाचं नुकसान झालं नाही.

३० ऑगस्ट, शुक्रवार

प्रशस्तिपत्र भिंतीवरून काढलं. तिथे चौकोनी पांढरा डाग राहिलाय. आता कुणीही विचारेल, इथे काय होतं म्हणून. कॅलेंडर लावलं.

२ सप्टेंबर, सोमवार

चारचा खाऊ चालू आहे, यूच्या घरी. काकडी, पेरू, वाफवलेला मका अर्धा. पोट भरत नाही, पण यू मजेत खाते आणि दर वेळी म्हणते, "सशाला गाजर मिळेल का?" घरी आल्यावर मात्र मी डब्यातला गुळाचा खडा तोंडात टाकते. आज तीन. डबा वरच्या फळीवर ठेवला आणि स्टुलावर चढून काढला. त्रेसष्टाव्या वर्षी स्टुलावर! पडले असते तर लोकांना काय सांगितलं असतं?

८ सप्टेंबर, रविवार लेगी

यू काठी टेकत आली. सगळ्यांनी तिला पुढे बसवलं. विंदार्तीने विचारलं, "म्बाह, दर वेळी तुमचा आकडा चढत होता. एकदाही गुळाची शंका नाही आली?"

"आली की," यू म्हणाली. "मला अक्षरं येत नाहीत बाई, पण आकडे येतात. तीस वर्षं बाजारात सोयाबीनचं तेंपे विकलंय मी. वहीत माझ्या ओळीच्या वर बू गुरूंची ओळ असते. अंगठा लावताना दर वेळी बघायची. आम्ही रोज एकाच ताटलीतलं खातो, जेवढं त्या तेवढं मी. त्यांचा आकडा कायम एकशे वीसच्या आत. मग म्हटलं, गुळात काही नाही, माझ्यातच खोट आहे. म्हणून खात राहिले."

कुणाला काही वेगळं वाटलं नाही. बायकांनी माना डोलावल्या.

मी म्हटलं, "माझ्या ओळीतलं सगळं खोटं आहे," आणि विंदार्तीपुढे बोट धरलं. यंत्रावर आकडा आला. पेन माझ्या हातात होतं. यूने ते काढून घेतलं आणि माझ्या ओळीत सावकाश, मोठ्या अंकांत लिहिलं — ३६२. मग काठी बाजूला ठेवून माझ्यासमोर खाली बसली.

"चपला काढा, बू. पाय बघू."