तिघींचं वजन

४ फेब्रुवारी, मंगळवार

वाढदिवस साजरा करायला ताई हो म्हणाली! तेवीस तारखेला ती सत्तरची होतेय. भेट काय हवी विचारलं, तर म्हणाली, “वस्तू नको गं, ठेवायला जागा नाही. नदीवर ने.”

कुठली नदी ते सांगावं लागलं नाही. डोंगरातली ती, तळ दिसणारी. बाबांनी आम्हा तिघींना एकदाच नेलं होतं. नावेत वयाप्रमाणे बसवलं – पुढे ताई, मध्ये मी, मागे चिमणी. चिमणी तेव्हा पाच वर्षांची. पाण्यातले गोटे पाहून विचारत होती, हे कुणी धुतले? बाबा म्हणाले, रोज धुतात.

आता तिघी म्हणजे दोघीच. चिमणी माझ्याशी अकरा वर्षं बोललेली नाही.

लिहूनच टाकते. आई गेली त्या दुपारी मी दवाखान्यातून चिमणीला दोनदा फोन केला. वाजत राहिला. कुणी उचलला नाही. चिमणी ताईला म्हणाली, ती दिवसभर घरात होती, फोन वाजलाच नाही. म्हणजे मी चुकीचा नंबर फिरवला. तिचा जुना आणि नवा, दोन्ही नंबर माझ्या वहीत एकाखाली एक होते, घाईत ओळ चुकली असणार. ती पोहोचली तेव्हा सगळं आटोपलं होतं. दारातच म्हणाली, “तुला मी तिथे नकोच होते.” तेच शेवटचं.

ताईला नदी हवी आहे. मला नावेत तिघी हव्या आहेत.

५ फेब्रुवारी, बुधवार

चिमणीला पत्र लिहिलं. चार कागद फाडले. कॉन्व्हेंट शाळेत सिस्टर शिकवायच्या, पत्राची सुरुवात कधी ‘मी’ने करू नये. माझी चारही वेळा ‘मी’नेच झाली. पाचव्यांदा लिहिलं, ‘ताई सत्तरची होतेय.’ मग पुढचं आपोआप आलं. तारीख, वेळ, जागा. शेवटी, ‘आलीस तर बरं वाटेल. नाही आलीस तरी समजेन.’

हे पोस्टाच्या पेटीत टाकून आले. पडल्याचा आवाज आला का, असं विचारलं मी त्यांना. “आला. चांगला ठणठणीत आला,” म्हणाले. कागदाचा कसला ठणठणीत! पण देव बरं करो ह्यांचं.

८ फेब्रुवारी, शनिवार

नावाड्याशी बोलणं झालं. आवाज जाडाभरडा, पण माणूस शिस्तीचा. पहिला प्रश्न – “वजन किती?”

मला वाटलं सामानाचं विचारतोय. म्हटलं, “एक पिशवी, एक थर्मास.”

“तुमचं, बाई. एकेकाचं.”

नदी उथळ आहे. नाव सपाट बुडाची. अडीचशे किलोच्या वर माणसं गेली की तळाला घासते, म्हणून तो आधी प्रत्येकाचं वजन लिहून घेतो. कोण कुठे बसणार, तेही त्यावरूनच ठरवतो. म्हणाला, “बायका कमी सांगतात, पुरुष अंदाजे सांगतात. म्हणून काठावर काटा ठेवलाय मी.”

काटा! मी अडुसष्ट आहे. त्याला बासष्ट सांगितलं. दहा वर्षं कॉन्व्हेंटमध्ये खरं बोलायला शिकले, ती सगळी सहा किलोंत बुडाली. ह्यांचं बहात्तर – त्यांनी काट्यावर उभं राहून, चष्मा लावून, दोनदा बघून सांगितलं. ताई म्हणाली, “माझं मी कळवते त्याला. नंबर दे.”

११ फेब्रुवारी, मंगळवार

ह्यांनी जीवरक्षक जाकीट विकत आणलंय. नारिंगी. नावाड्याकडे असतात म्हटलं, तर म्हणे, “दुसऱ्याच्या घामावर आपण का तरंगायचं?” ते घालून बाहेरच्या खोलीत पेपर वाचत बसले. शेजारीण साखर मागायला आली, तिने विचारलं, “नळ गळतोय का?”

खुर्चीच्या पायाला दोरी बांधून गाठी शिकताहेत. तीन प्रकारच्या येतात आता. तिसरी सुटत नाही. खुर्ची तशीच ठेवली आहे.

चिमणीचं उत्तर नाही.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

आज हसून हसून पुरेवाट! नावाड्याचा फोन आला, यादी पक्की करायला. “तुम्ही बासष्ट, साहेब बहात्तर, मोठ्या बाई एकशे आठ.”

एकशे आठ! आमची ताई! वाऱ्यात काठी लावून उभी करावी अशी ती. म्हटलं, “अहो, कुणाचा तरी आकडा तिच्या नावापुढे पडलाय. बावन्न लिहा.”

“त्यांनीच सांगितलंय, बाई.”

“मी तिची बहीण आहे. बावन्न.”

तो म्हणाला, “तुम्ही म्हणाल तसं.” मला आमच्या गणिताच्या सिस्टर आठवल्या. चुकलेली बेरीज दिसली की ती दुरुस्त केल्याशिवाय वर्गाबाहेर जाऊ द्यायच्या नाहीत. दुसऱ्याच्या वहीतली असली तरी.

१७ फेब्रुवारी, सोमवार

उत्तर नाही. पोस्टमन खालच्या मजल्यावरूनच हात हलवतो आता – काही नाही. वर चढायचे त्याचे श्रम वाचतात आणि दार उघडायची माझी धडधड.

तरी मनाला बजावलं – जे आहे ते मोज. ताई चालती-फिरती आहे. हे आहेत. डोळे आहेत, तळ बघायला. रस्त्यापलीकडच्या झाडाला कोवळी पालवी आली आहे. कमी नाही हे.

२० फेब्रुवारी, गुरुवार

ताई आली होती. चहा घेता घेता तिला एकशे आठची गंमत सांगितली. वाटलं होतं, ठसका लागेपर्यंत हसेल. तिने कप खाली ठेवला.

“मग तू काय सांगितलंस त्याला?”

“बावन्न. दुरुस्त केलं.”

“अगं मधले! काय करून बसलीस!”

बावन्न तिचे. छप्पन्न चिमणीचे.

पत्र मिळालं त्याच दिवशी चिमणीने ताईला फोन केला होता. येते म्हणाली. पण मला सांगायचं नाही, ही अट. ऐनवेळी पाय मागे घेतला तर मला पुन्हा वाईट वाटायला नको म्हणून. नावाड्याला चौथं माणूस सांगितलं असतं तर यादी वाचताना मला कळलं असतं. म्हणून ताईने तिला स्वतःत घातलं.

“एका बाईत दोन बायका?”

“मी म्हटलं, तो कशाला विचारतोय! काठावर गेल्यावर उलगडून दाखवली असती. तू मध्ये शहाणपणा करशील हे ध्यानातच नाही आलं.”

लगेच नावाड्याला फोन लावला. तो म्हणाला, “बाई, तुम्ही छप्पन्न किलो सोडलेत, मी ती जागा दिली. फोटो काढणारे एक गृहस्थ आहेत, पंचावन्न किलोंचे. आगाऊ बोलणं झालंय.” दुसरी नाव? नाही. दुसरा दिवस? चिमणीला रजा रविवारचीच.

मग मी त्या अनोळखी माणसाला सगळं सांगितलं. आई, फोन, अकरा वर्षं. वर हेही, की मी बासष्ट नाही, अडुसष्ट आहे. तो म्हणाला, “ते मी आवाजावरूनच सत्तर धरलं होतं.” आणि पुढे – “बाई, माझ्या हातात असतं तर तुम्हा चौघांनाही नेलं असतं. नदीच्या हातात आहे. कोण राहतंय तेवढं सांगा.”

मी फोन ठेवायच्या आत बाहेरच्या खोलीतून ह्यांचा आवाज आला.

“बहात्तर काढ.”

“अहो, पण तुम्ही किती दिवस –”

“मला पाण्याची भीतीच वाटते. सांगितलं नव्हतं इतकंच.”

साफ खोटं! खुर्चीच्या पायाची गाठ अजून तशीच आहे. मी स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडला आणि रडून घेतलं. ताई पाठीवरून हात फिरवत राहिली. म्हणाली, “नवरा बरा मिळाला हो तुला. बाबांनी तर नकार कळवायचं ठरवलं होतं.” हे मला पस्तीस वर्षांत पहिल्यांदा कळतंय!

२२ फेब्रुवारी, शनिवार

डोंगरातल्या विश्रामगृहात. दुपारी पोहोचलो. वळणावळणाच्या रस्त्यात ताईने चार आवळ्याच्या गोळ्या संपवल्या. खोलीत तीन खाटा, एक खिडकी, खिडकीत नदी. पाणी आहे हे फक्त वाऱ्याने हललं की कळतं, नाहीतर नुसते गोटे. खरंच कुणी धुतल्यासारखे.

चिमणी उद्या सकाळच्या पहिल्या बसने येणार. ताई म्हणाली, “येईलच असं धरू नकोस.” धरलेलं नाही म्हटलं. पण काय बोलायचं ते मनाशी घोकते आहे. चुकीचा नंबर फिरवला गं, माफ कर. घाईत ओळ चुकली. एवढंच. स्पष्टीकरण लांबवायचं नाही.

ह्यांनी जाकीट आणलंय. काठावर घालून बसणार म्हणे, दुरून ओळखू यावेत म्हणून.

२३ फेब्रुवारी, रविवार, सकाळ

आली.

बसमधून सगळ्यात शेवटी उतरली. केस पांढरे, चाल आईची. हुबेहूब आई. मी घोकलेलं सगळं विसरले. तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. अकरा वर्षांनंतरचं पहिलं वाक्य – “जाड झालीस.”

“अडुसष्ट,” मी म्हटलं.

ताई म्हणाली, “नावाड्याला बासष्ट सांगितलं होतं तिने.” आणि चिमणी हसली! तोंडावर हात ठेवून, लहानपणी हसायची तसं.

काट्यावर रांगेने उभं केलं आम्हाला. फोटोवाले गृहस्थ पुढच्या टोकाला, आमच्याकडे पाठ करून बसणार. माफी नावेतच मागेन. आत्ता हाका मारताहेत. जाते.

२३ फेब्रुवारी, संध्याकाळ

डोहाशी नाव थांबली. मी म्हटलं, चिमणे, त्या दुपारी मी चुकीचा नंबर – तिने पुढे बोलूच दिलं नाही. “बरोबर फिरवला होतास. दोन्ही वेळा वाजला. काय ऐकावं लागणार ते मला कळलं होतं गं. मी फोनसमोर बसून होते, उचलला नाही.” ताईने तिचा एक हात धरला, मी दुसरा, आणि नावाडी ओरडला, “अहो बाई, तिघी एका बाजूला नको!”