मारुतीभोवती चारी चाकांचे फेरे

पेडगाव, वैशाख शुद्ध दशमी, शके १८७७

आमचे लाडके मेहुणे दिनकरराव यांना माणिकरावाचा मनापासून रामराम. इकडे सगळं ठीक. तुमच्या ताईंचे गुडघे आवाज करतात, पण चालतात. तुमचा खोकला थांबला का? अडुळशाचा काढा घेत जा. तुमची जीपही सुखरूप आहे. (म्हणजे तिच्या कोणत्या भागाबद्दल विचारता, त्यावर आहे.)

माझ्या भावाच्या मुलाचं, अंगदचं लग्न एकदाचं लागलं. आईबापाविना पोर मी अंगाखांद्यावर वाढवलं. त्याचा मुहूर्त चुकला असता तर तोंड लपवायला ज्वारीचं पेवही पुरलं नसतं. हर्राजीत घेतलेली ती लष्करी जीप पूर्णेहून देताना तुम्ही बजावलं होतं, मागची दोन चाकं नेहमीच ओढतात, वाळूचिखल लागला तर छोटा दांडा टाका म्हणजे पुढचीही ओढतील, आणि बाहेर पडताच दांडा काढा. नवरीच्या गावी जाताना चारठाण्याच्या अलीकडं ओढ्यात वाळू लागली. दांडा टाकला, तर गाडी अशी निघाली जशी दुसरी बैलजोडी जुंपली. मग मी तो काढलाच नाही. नवरीच्या वेशीतून दोन बैल ओढताहेत आणि दोन नुसतेच सोबत चालताहेत, असं वऱ्हाड कोणी नेतं का? इभ्रतीचा सवाल होता!

मुहूर्ताला घटकाभर असताना परण्या निघाला. (नवरदेवानं मांडवात येण्याआधी मारुतीला पाच फेरे घालायचे, ही व्याह्यांकडची रीत.) घोड्याऐवजी जीप, चालवायला मी. मारुतीभोवती कोरडी दगडी फरशी. पहिल्याच वळणाला हातातलं चाक जात्यासारखं जड झालं. खालची चाकं करकरायला लागली, गाडी करडासारखी उड्या मारायला लागली आणि वळायचं सोडून बाहेरबाहेर सरकत गेली. पहिल्या फेऱ्यात शेजारच्या बायनाबाईच्या रचलेल्या गोवऱ्या गेल्या. दुसरा फेरा तिच्या अंगणातून झाला. तिसऱ्यात मांडवाचा एक खांब सोबत आला. अंगद मुंडावळ्या धरून विचारतोय, "काका, मारुती कुठं गेला?" आणि व्याही लिंबाजी धोतर सावरत मागं पळताहेत, "इवाई, फेरे मारुतीला घालायलाव का गावाला?"

शेवटी मेंढरं राखणारा येडबा आडवा आला. "चौबैली नांगर कधी वळवलाव का न्हाई? वळणाला पुढची जोडी लांबून जाती, मागची जवळून. तुमी दोन्हीला एकच चाल लावलाव. वाळूत खपतंय, तिथं पाय घसरतेत. दगडावर कसं वळावं बिचाऱ्यांनी?"

पटलं. दांडा काढायला गेलो, तर तो ताणानं गच्च बसलेला. गाडी थोडी मागं घेतली की सुटतो, हेही तुम्हीच सांगितलेलं. पण मारुतीला उलटा फेरा, आणि तोही लग्नात? भटजींनी कानांवर हात ठेवले. घटका संपत आली. तेवढ्यात नवरीची आजी केवळाबाई कडाडली, "आरं मुडद्यांनो, लगीन पोराचं हाय का गाडीचं? त्याला उतरवा की!"

अंगद उतरला आणि उरलेले दोन फेरे पळतच घालून आला. मी जीप एकटीच चार हात मागं घेतली. खट्ट झालं आणि दांडा लोण्यातून निघावा तसा निघाला. अक्षता वेळेवर पडल्या. (बायनाबाईच्या माझ्यावर जरा जोरात पडल्या.) आता त्या गाडीला हात लावणार नाही, हे मारुतीसमोर कबूल केलंय.

ता. क. लवकर येऊन जीप घेऊन जा. डाव्या दिव्याचं विचारू नका.

आणखी एक. पत्र वाचून दाखवलं तर तुमच्या ताई म्हणाल्या, येडबा पहिल्या फेऱ्यापासूनच ओरडत होता. यांना म्हणे तिसऱ्यापर्यंत वाटलं, तो कौतुक करायलाय.

आणखी एक, शेवटचं. जीप न्यायला आठ-दहा दिवस तरी येऊ नका. नवी सून म्हणते, माहेरी परतणीला जाईन तर जीपमधूनच, आणि मामंजीच चालवतील. लिंबाजींना तसं कळवलं. उत्तर आलं, खुशाल या, आळीभरच्या गोवऱ्या घरात घेतल्या आहेत आणि बायनाबाई बहिणीकडं गेली आहे.