राहुरीच्या डावाची तजवीज

मी, सूर्यभान लक्ष्मण वर्पे, वय ७४, राहणार संगमनेर, दूध संस्थेतून फॅट तपासनीस म्हणून निवृत्त, कोणाच्याही दडपणाशिवाय हे मृत्युपत्र लिहीत आहे. डोकं ठिकाणावर आहे, बुद्धिबळात तसं दिसत नसलं तरी.

१. घर मुलगा बजरंग याला. पतसंस्थेतील ठेव मुलगी सविता हिला. मेव्हणे काकासाहेब यांना काही नाही. ते आयुष्यभर माझ्या पोस्टकार्डांना हसले, तेवढं त्यांना पुरे.

२. राहुरीचे कानिफनाथ म्हसे यांच्याशी माझा पत्राने बुद्धिबळाचा डाव चालू आहे. १९९४ साली एका स्पर्धेत त्यांनी मला चहा येण्याआधीच हरवलं आणि म्हणाले, "भाऊ, घरून कार्डावर चाल टाकीत जा. सावकाश हराल." त्यानंतर मी एकोणीस डाव सावकाश हरलो.

विसाव्याच्या पहिल्याच कार्डावर मी ऐटीत लिहिलं, 'आता वय झालं, हा शेवटचा डाव.' पाच वर्षं टिकलो म्हणून पेढेही वाटले. गेल्या दिवाळीत बजरंगने तो डाव मोबाईलमध्ये मांडला. म्हणाला, "आबा, तुमी तर दोन वर्षांमागंच मेलाय. त्यांची एकच चाल बाकी हाय."

कानिफनाथांचा हत्ती मात्र एक घर पुढे, एक घर मागे. मला भयंकर राग आला. कीव मला खपत नाही. भांडायचं म्हणून जुनी कार्डं काढली. हत्तीची पहिली फुकट चाल त्यांच्या पत्नी छबूबाई यांच्या दहाव्यानंतर तिसऱ्या दिवशीची होती. त्या घरात आता दुसरं कोणी नाही. डाव संपला की पोस्टमनही येणार नाही, आणि 'हा शेवटचा डाव' असं मीच लिहून बसलो होतो. पेटीत पडलेलं कार्ड मागे घ्यायचं नाही, हा आमचा नियम. मला फार वाईट वाटलं.

तेव्हापासून मीही राजाला हात न लावता घोडा नेतो-आणतो. त्याच त्या चालींमुळे नियमाने डाव केव्हाच बरोबरीत सुटला असता, पण आमच्यात पंच नाही.

३. पट, मोहरे व कोरी कार्डं नात ज्ञानेश्वरी हिला. तिने घोडा नेत-आणत राहावं. ती माझ्याहून बरी खेळते, तरी सुटकेची चाल सुचल्यास खेळू नये. मी गेल्याचं चालीच्या खाली लिहावं, वर नाही.

ज्या दिवशी मात येईल, त्या दिवशी उत्तर लिहू नये. पट पिशवीत घालून राहुरीची एसटी धरावी आणि त्यांच्यासमोर नवा डाव मांडावा. चहा येईपर्यंत तरी टिकावं.

वरील मजकूर स्वतः वाचून, दोन्ही साक्षीदारांदेखत सही केली.

सूर्यभान लक्ष्मण वर्पे

साक्षीदार:
राजेश्वरी अशोक गुंजाळ
राम किसन कानवडे

संगमनेर, जि. अहिल्यानगर
१२ जानेवारी २०२६