दुसऱ्याचं हाड

कोल्हापूर, मंगळवार

ती. आक्कास,
धाकट्या भावाचा नमस्कार पोचावा.

शालनच्या माघारी मुलाकडं माझं बरं चाललंय. जेवण वेळेवर होतं. तुझा गुडघा कसा आहे?

दात बसवून घ्या, असं शालन शेवटपर्यंत सांगत होती, म्हणून काल दवाखान्यात गेलो. दात पडून चार वर्षं झाली, त्यामुळं जबड्याचं हाड झिजलंय. आधी तिथं हाड भरायचं, ते धरलं की मग दात. डॉक्टरांनी बाटलीतली पांढरी पूड दाखवली. वारलेल्या माणसाच्या हाडाची, घरच्यांनी दान केलेली.

मला शालनच्या रक्षाविसर्जनाची सकाळ आठवली. आपण दोघांनीच राखेतली हाडं वेचून तिला सावडलं होतं. मी खुर्चीवरून उठलो आणि थेट दाराकडं निघालो.

काउंटरवरची बाई ओरडली, "ओ पावणं, गळ्यातलं फडकं तरी ठेवून जावा की!" सगळे हसले. मीही हसलो.

डॉक्टर मागं आले. म्हणाले, "काका, तुमच्याच हनुवटीचं काढू की. दोन जखमा होतील, एवढंच." मी हो म्हणालो. गुरुवारी बोलावलंय. तू येऊ नकोस, एसटीला गर्दी असते.

आक्का, ज्यांनी ते हाड दिलं, त्यांनी तिसऱ्या दिवशी काय सावडलं असेल? त्यांना देता आलं आणि मला घेताही आलं नाही. माझं चुकलं का, ते लिही.

शालनची रक्षा घातली त्या आंब्याला पाणी घालत जा.

तुझा,
सर्जेराव