ऑर्गनचं अरुंद दार

गुरुवार, ६ मार्च

१. सकाळी न खाता निघाले. फक्त काळी कॉफी.
२. चर्चमध्ये ऑर्गनच्या वरच्या फळीवर उभी होते. एप्पोंनी खालून मागितलेली नळी उचलली.
३. कानात वारा भरला. डोळ्यांपुढे आधी करडं, मग काहीच नाही.
४. मी फळीवरच बसले. पडले नाही. नळी पडली.
५. नळी तीनशे वर्षांपूर्वीची, कथील-शिशाची. तोंडाजवळ चेपली.
६. "पाय घसरला," असं मी एप्पोंना सांगितलं.

सहावा मुद्दा खोटा आहे.

सोमवारपासून मी रोजच्या गरजेच्या निम्म्याहून कमी खाते आहे. गणित मीच मांडलं होतं आणि ते बरोबर होतं. कारण एवढंच की लुड्डेवीर गावच्या ह्या ऑर्गनच्या पोटात शिरायचं दार अरुंद आहे, आणि मी त्यात कमरेशी अडकते. आत जिभेच्या नळ्या आहेत, म्हणजे ज्यांच्यात पितळी जीभ थरथरून आवाज करते त्या. ईस्टरच्या आधी त्या सुरात लावायच्या आहेत. आजवर आमच्या ऑर्गन-दुरुस्तीच्या कारखान्यातला सडपातळ राइन आत जायचा. तो जर्मनीला गेला. एप्पोंचा, म्हणजे माझ्या मालकांचा आणि गुरूंचा, तर त्या दारात खांदाही मावत नाही.

जानेवारीत मी अडकले तेव्हा ते म्हणाले, "राहा तिथेच. ईस्टरपर्यंत चर्चची वीपके तुला पाव आत ढकलत जाईल." मला मागे ओढून काढल्यावर मात्र हसले नाहीत. मार्चअखेरपर्यंत जमलं नाही तर लेउवार्डन शहरातल्या ऑर्गनवाल्या माणसाला बोलवावं लागेल, म्हणाले.

पाच वर्षं शिकते आहे. ते काम मला हवं आहे.

शुक्रवार, ७ मार्च

एप्पोंनी चेपलेली नळी गोल लाकडी दांड्यावर चढवली आणि तळहाताने हळूहळू फिरवत राहिले. हातोडी नाही, काही नाही. चेप पाण्यात विरघळावा तसा गेला. मग त्यांनी नळी तोंडाला लावून फुंकली. तोच सूर. तीनशे वर्षं, एक पडणं, आणि तरी तोच सूर.

"पाय घसरला होता ना?"

"हो."

"दोन्ही?"

मी लाकडी दांडा जागेवर ठेवायला गेले.

हात दिवसभर गार. मांड्यांत ओली वाळू भरल्यासारखी. जिन्यात मध्येच थांबले आणि भिंतीवरची सूचना वाचत असल्याचं दाखवलं.

रविवार, ९ मार्च

रेन्स्के आली होती. माझी मोठी बहीण, ग्रोनिंगेनच्या इस्पितळात आहारतज्ज्ञ. फ्रीज उघडून पाहिला आणि माझ्याकडे वळली.

"हे काय, उंदीर पाळलाय का?"

मी तिला माझं गणित दाखवलं. तिने ते नीट वाचलं. तिचं मला हेच आवडतं.

"बेरीज चोख आहे. पण तू धरलंयस की शरीर फक्त काम करताना खातं. अगं, तू झोपलेली असतेस तेव्हाही ते खातच असतं. हृदय, मेंदू, यकृत. तू शिडीला हात लावायच्या आधीच निम्म्याहून जास्त संपलेलं असतं. त्यांचं बिल आधी, तुझ्या हातापायांना उरलंसुरलं."

"मग अंगात त्राण कधी येणार?"

"तू खाल्लंस की."

ती गेल्यावर मी आकडे वॉटमध्ये बदलून पाहिले. स्वस्थ पडलेल्या माझ्या अंगाला लागते साधारण एका जुन्या पिवळ्या बल्बएवढी शक्ती. एका बल्बएवढी! तेवढ्यात हृदय चालतं, अंग ऊबदार राहतं, आईचा आवाज आठवतो, दोन सुरांतला केसाएवढा फरक ऐकू येतो. ऑर्गनला वारा पुरवणारी आमची मोटर याच्या दहापट वीज खाते आणि तिला एक सूरही ओळखता येत नाही.

मी हे यंत्र निम्म्या दाबावर चालवायला निघाले होते. दुसऱ्या कुणाच्या यंत्राशी मी असं कधी वागले नसते.

सोमवार, १० मार्च

न्याहारी: दही, ओट्स, एक अंडं. रेन्स्केचं नवं गणित: गरजेपेक्षा थोडंसंच कमी. शिडीवर अंधारी आली नाही.

बुधवार, १२ मार्च

बाहेरच्या नळ्या लावत होतो. पद्धत नेहमीची: खाली वीपकेबाई एकेक पट्टी दाबून धरतात, वर मी सूर लावते, एप्पो मध्ये उभे राहून ऐकतात. वीपकेबाई चर्चची देखभाल करतात. किल्ल्या, कॉफी, फुलं आणि सगळ्या गावाची खबर त्यांच्याकडे.

एक सूर संपला, दुसरा सुरू व्हायचा होता. पूर्ण शांतता. आणि माझं पोट गुरगुरलं. ऑर्गनच्या लाकडी पेटीला टेकून उभी होते, त्यामुळे आवाज खालपर्यंत घुमत गेला.

वीपकेबाई खालून: "एप्पो, मी तर काहीच दाबलं नाही."

एप्पो: "खर्जातली सोळा फुटी नळी आहे. फक्त ती आपल्या ऑर्गनमध्ये नाही." मग जरा थांबून, "यान्तीन, खाली ये."

वीपकेबाईंनी मोहरीचं सूप आणलं होतं, ते पुढ्यात आलं. मी सगळं सांगितलं. गुरुवारचंही. वीपकेबाई म्हणाल्या, "आमच्यावेळी मुली लग्नाच्या झग्यासाठी उपाशी राहायच्या. ही पेटीत शिरायला राहते!"

एप्पो पावाने वाटी पुसत होते. "मीही केलंय हे. तुझ्याएवढा होतो तेव्हा सहज आत जायचो. मग लग्न झालं. पुढल्या वसंतात आलो तर दारातच अडकलो. महिनाभर नुसतं कोबीचं सूप प्यायलो. वजन उतरलं, पट्ट्याला दोन भोकं जास्त पाडावी लागली, तरी जाता येईना. हिल्येला म्हटलं, तुझ्या हाताच्या चवीने माझा ऑर्गन हिरावला. ती बिचारी हसायची."

हिल्ये म्हणजे त्यांची बायको. तिला जाऊन चार वर्षं झाली.

"तिने एकदा विचारलं होतं," ते म्हणाले, "की आत ऐकू तरी काय येतं एवढं? मला सांगता आलं नाही."

मग पुन्हा मालक झाले. "उपाशी माणूस माझ्या शिडीवर चढणार नाही. खाऊन जमलं तर जमलं. नाही तर लेउवार्डन."

शुक्रवार, १४ मार्च

खाते आहे, तरी थकवा आहे. रेन्स्के फोनवर: "शरीर अजून तुझ्यावर विश्वास ठेवत नाहीये. नेमाने खा, पाणी पी, सूपला मीठ घाल, लवकर झोप. आठवडाभर त्याच्याशी गोड वाग." दुपारनंतर सूर लावायचं बंद केलं. हात चालतात, पण कान आधी दमतो. त्याऐवजी नळ्या पुसते आणि धरणाच्या बांधावर चालून येते.

आज बेकरीवरून जाताना राय पावाचा वास आला. इतका मोठा वास! आंबूस, भाजका, खाली कुठे तरी गोड. हा वास पाच वर्षं इथेच होता.

गुरुवार, २० मार्च

आज जिना चढले आणि वर पोचल्यावर लक्षात आलं की मी मोजत नव्हते.

एप्पो भात्यांकडे घेऊन गेले. भाते पूर्ण भरलेले नसले तरी ऑर्गन वाजतो, फक्त सगळ्या नळ्या एकदम उघडायच्या नाहीत. त्यांनी मला हे पहिल्याच वर्षी शिकवलं होतं. आज परत शिकवलं, माझ्याकडे न बघता.

मंगळवार, २५ मार्च

गेले आत.

आधी उजवा खांदा, मग श्वास सोडून कंबर तिरकी. कूस खरचटली. मग मोकळी झाले.

काय लिहू. मी आजवर नळ्यांसमोर उभी राहून ऐकलं आहे. आत नळ्या सगळीकडून असतात. अंधार, जुन्या ओकचा आणि धुळीचा वास, आणि टॉर्च फिरवला तशा रांगाच्या रांगा उजळत गेल्या. पितळी जिभा, प्रत्येकीची पट्टी कुणीतरी हाताने तासलेली, एकीसारखी दुसरी नाही.

"दाबू का?" खालून वीपकेबाई.

"दाबा."

सूर कानात आला नाही. दातांत आला, बरगड्यांत आला. माझ्या हातापासून वीतभर अंतरावर पितळाचा तो छोटा तुकडा थरथरत होता आणि अख्खं चर्च भरत होता. मी सूर लावायच्या तारेला हलकेच ठोका दिला. हिचा आणि आधी लावलेल्या बाहेरच्या नळीचा, असे दोन सूर जवळ आले, त्यांच्यामधली लाट संथ झाली, आणखी संथ, आणि थांबली. दोनाचा एक झाला. मी तशीच बसून राहिले. वीपकेबाईंना विचारावं लागलं, "झालं का गं? माझं बोट झोपलं."

एक गोष्ट नोंदवायला हवी. एरवी हाताच्या उबेने नळीचा सूर चढतो, मग ती निवेपर्यंत थांबावं लागतं. कमी खाण्याने माझे हात अजूनही गार असतात. आज थांबावं लागलं नाही.

एप्पो बाहेर दाराशी स्टुलावर बसून होते. मी मागेन ते हत्यार आत देत होते. त्यांचा हात कोपरापर्यंतच आत यायचा. "आता कुठे आहेस? डावीकडे खाली एक गाठाळ फळी आहे, तिथे गुडघा टेक." तीस वर्षांपूर्वी पाहिलेली गाठ त्यांना आठवत होती, आणि ती तिथेच होती.

गुरुवार, २७ मार्च

अर्ध्याहून जास्त नळ्या लागल्या. आता अंगात पुरेसं त्राण असतं. न्याहारी, सूप, दुपारी सफरचंद आणि चीजचा तुकडा. कमरेसाठी आता आणखी उतरवण्याची गरज नाही. रेन्स्केला तसं कळवलं. "उंदराला सुट्टी दे," असं तिचं उत्तर.

इथे कुणी वाचत नाही म्हणून लिहिते. ही जागा फक्त माझी आहे ह्याचा मला आनंद होतो. लेउवार्डनच्या माणसाला ती मिळाली नाही ह्याचा. एप्पोंनाही तिथे येता येत नाही, आणि त्यांना सूर माझ्या तोंडून ऐकावा लागतो, ह्याचाही थोडा. आज ते बाहेरून म्हणाले, "सांग ना, कसा लागलाय?" मी म्हणाले, "चांगला." एवढंच. जास्त सांगता आलं असतं.

शुक्रवार, २८ मार्च

वीपकेबाई खाली व्हॅक्यूम क्लीनर फिरवत होत्या, म्हणून दार पहिल्यांदाच आतून ओढून घेतलं. टॉर्चचा उजेड चौकटीच्या आतल्या बाजूवर पडला. जुन्या ओकच्या चौकटीला दोन्हीकडून पाइनच्या पट्ट्या मारलेल्या आहेत, प्रत्येकी चार बोटं रुंद. बाहेरून सगळं एकाच तपकिरी रंगात रंगवलेलं, आत मात्र कोरं. आणि स्क्रूच्या डोक्यांवर अधिकचं चिन्ह. तीनशे वर्षांपूर्वी असले स्क्रू नव्हते. वीपकेबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "चर्चमध्ये हीटर बसवले त्या हिवाळ्यात सुतार आला होता, वाऱ्याची झुळूक बंद करायला. एप्पोचं लग्न झालं ना, तोच हिवाळा."

पट्ट्या काढल्या तर चालेल का, हे वीपकेबाईंनी लगेच चर्चच्या मंडळाला फोन करून विचारलं. मग हा निरोप पाठवला:

"एप्पो, तुम्ही जाड झाला नव्हता. दार लहान झालं होतं. आठ स्क्रू आहेत, काढून परत बसवता येतात. वीपकेबाईंनी चर्चच्या मंडळाची परवानगी घेतली आहे. सगळ्यात खालच्या सुराची नळी मी लावलेली नाही. ती तुम्ही आत येऊन लावावी असं मला वाटतं. वीपकेबाईंच्या जागी बसून पट्टी मी दाबीन. याल का, ते बुधवारपर्यंत कळवा. — यान्तीन"